किशोरी गटाचा सराव रात्री पावणेदहाला का संपावा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या खेळाविषयी आपल्या दैनिकात नियमित लिहिले जाते आणि शाळा सकाळी किती वाजता भरावी याविषयीही गेल्या काही वर्षांत पुष्कळ चर्चा झाली. या दोन्हींच्या मध्ये अडकलेला एक प्रश्न मात्र कुठे मांडलेला माझ्या वाचनात आला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सकाळी सातला शाळेत हजर राहावे लागणाऱ्या मुलांचा खेळाचा सराव रात्री पावणेदहापर्यंत चालावा का, असा तो प्रश्न आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते आणि गेली तीन वर्षे ठाण्यातील एका मंडळाकडून किशोरी गटात, म्हणजे चौदा वर्षांखालील मुलींच्या गटात, खो-खो खेळते. दिवाळीनंतरच्या एका रात्री ती सरावाहून आली, हातपाय धुऊन पानावर बसली, मी तूप आणायला ओट्याकडे वळले आणि परत येऊन पाहते तो ती भिंतीला डोके टेकून झोपलेली. कालवलेल्या वरणभाताचा घास बोटांत तसाच होता, गुडघ्याचे पट्टे काढायचे राहिले होते आणि कोपराला मैदानावरची माती होती. लेक खेळून दमली याचे कोणत्याही आईला बरेच वाटते, तसे क्षणभर मलाही वाटले. मग घड्याळाकडे लक्ष गेले. साडेदहा वाजून गेले होते आणि सकाळी पावणेसहाला तिला उठवायचे होते.

त्या रात्री मी तिच्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडला. सव्वासहाला व्हॅन कोपऱ्यावर येते, सातला शाळा भरते, साडेबाराला सुटते. पाच ते सात शिकवणी असते. आठला सराव सुरू होऊन पावणेदहाला संपतो. तिथून घरी येणे, आंघोळ, जेवण, उद्याचे दप्तर, राहिलेला गृहपाठ, असे करता करता अंथरुणाला पाठ टेकायला सव्वाअकरा होतात. म्हणजे झोप साडेसहा तासांची. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेले आणि तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मान्य केलेले प्रमाण असे आहे की, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप मिळायला हवी. यातले कमीत कमी म्हणजे नऊ तास धरले तरी माझ्या मुलीची रोज अडीच तासांची तूट होती. सराव सोमवार ते शुक्रवार असल्यामुळे शनिवारी सकाळी शाळेत निघताना साडेबारा तासांची झोप थकलेली असे. एक अख्खी रात्र आणि वर आणखी काही. रविवारी ती अकरापर्यंत झोपायची आणि आम्ही म्हणायचो, झोपू दे, आठवड्याची झोप भरून काढते आहे. पण रविवारी अकराला उठलेल्या मुलीला रात्री लवकर झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ सगळ्यांत जड जाते, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

शाळेच्या वेळेचा मुद्दा राज्यात यापूर्वी उपस्थित झालेला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांची झोप पुरी होत नसल्याकडे लक्ष वेधले होते आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय चांगलाच होता. पण पाचवीत गेले म्हणून मुलाची झोपेची गरज काही एकदम कमी होत नाही, आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत वरच्या वर्गांच्या वाट्याला बहुधा सकाळचे सत्र येते. मंडळांत नेटाने सराव सुरू होतो तोही नेमका याच वयात. म्हणजे ज्या वर्षी सकाळ लवकर सुरू होऊ लागते, त्याच वर्षापासून रात्र लांबत जाते.

सराव इतक्या उशिरा का होतो, याची कारणे मला ठाऊक आहेत आणि त्यांत कोणाचा दुष्टपणा नाही, हे आधी स्पष्ट करते. आमच्या मंडळाचे प्रशिक्षक एक पैसा मानधन न घेता शिकवतात. दिवसभर फोर्टमधल्या कार्यालयात नोकरी करून, लोकलच्या गर्दीतून ठाण्याला उतरून ते परस्पर मैदानावर येतात, तेव्हा पावणेआठ होतात. मैदान एकच, त्यावर दिवे एकाच बाजूला. संध्याकाळी तिथे क्रिकेटवाले असतात, चालायला येणारे ज्येष्ठ नागरिक असतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे दिव्यांशिवाय सराव करायचा म्हटला तर साडेचार-पाचलाच मैदानावर उतरावे लागेल आणि ती वेळ शिकवणीने घेतलेली असते. आमच्या लहानपणी दिवेलागणीला घरात पाऊल पडले पाहिजे असा दंडक होता; आता दिवे लागल्यावर खेळ सुरू होतो. शेजारच्या इमारतीतला नऊ वर्षांचा मुलगा बॅडमिंटनला जातो, त्याची बॅच साडेआठ ते दहा असते, कारण सहा ते साडेआठ या वेळेत कोर्ट मोठ्या सभासदांसाठी राखलेले आहे. खेळ कोणताही घ्या, ज्याचे त्याचे म्हणणे ऐकले की प्रत्येकाची अडचण खरी वाटते. एवढेच लक्षात येते की प्रशिक्षकाची नोकरी, सभासदांची सोय, शिकवणीचे वेळापत्रक, मैदानाचे भाडे या सगळ्यांना जागा दिल्यावर जो तुकडा उरतो तो मुलांना मिळतो. मुलाला सकाळी किती वाजता उठायचे आहे, हे वेळ ठरवताना कोणीच विचारत नाही. मीही तीन वर्षे विचारले नव्हते.

संध्याकाळचा व्यायाम मुळातच झोपेला वाईट, असे मात्र मी म्हणत नाही, कारण ते खरे नाही. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावरचे तेवीस अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाने निरोगी प्रौढांची झोप बिघडत नसल्याचे दिसले. अपवाद होता तो झोपण्याच्या आधी तासाभरात संपणाऱ्या जोरकस व्यायामाचा. खो-खोचा सराव जोरकसच असतो. पाठलागात धाप लागेपर्यंत पळणे, वळसे, सूर, वर शेवटी दोन डाव खेळणे. यानंतर छातीची धडधड शांत व्हायला आणि तापलेले अंग निवायला वेळ द्यावा लागतो, कारण शरीराचे तापमान थोडे उतरल्याशिवाय गाढ झोप लागत नाही. त्यात मैदानावरचे प्रखर दिवे, आणि घरी आल्यावर सरावाच्या चित्रफिती पाहण्यासाठी हातात घेतलेला मोबाइल. अंधार पडल्यावर मेंदूत जे मेलॅटोनिन पाझरू लागते आणि शरीराला झोपेची सूचना देते, ते अशा प्रकाशाने मागे सरते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये तर ही सूचना निसर्गतःच उशिरा मिळू लागते. म्हणून 'थकून आली आहे, पडल्या पडल्या झोपेल' हा आपला समज अनेकदा खोटा ठरतो. माझी मुलगी पानावर डुलक्या घेत असे आणि अंथरुणावर पडली की टक्क जागी असे.

खेळाचे नुकसान होते ते याहून जास्त आहे. मुलांच्या वाढीचे संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत स्रवते. दिवसा शिकलेली हालचाल अंगवळणी पडण्याचे कामही झोपेत पुढे चालू राहते. संध्याकाळी शंभरदा घोटून घेतलेला सूर झोप कापली की पुरता मुरत नाही. लॉस एंजेलिसमधील ११२ शालेय खेळाडूंच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचे प्रमाण इतरांच्या १.७ पट आढळले होते. अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून कमी झोपेमुळेच दुखापत होते असे सिद्ध होत नाही, हे मान्य. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावरचा २०११ सालचा प्रयोग तर अकराच खेळाडूंचा होता. त्यांना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले, तेव्हा त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारली. सरावाचा एक तास वाढवून एवढी सुधारणा मिळत असेल तर कोणताही प्रशिक्षक तो तास आनंदाने वाढवील. इथे ती झोपेच्या तासांतून मिळाली.

हे सगळे परदेशातले, असे कोणी म्हणेल म्हणून सांगते. माझे सासरे तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत राहिलेले आहेत. पहाटे उठून जोर-बैठका, सकाळी खुराक, दुपारी सक्तीची झोप, दुपार कलल्यावर लाल मातीत लढती आणि रात्री नऊच्या आत दिवा बंद, असा त्यांचा दिवस असे. रात्री गप्पा मारताना कोणी सापडला तर वस्ताद दुसऱ्या दिवशी त्याला मातीत उतरू देत नसत. खाडा केल्यावर मिळायची तीच शिक्षा जागरणाला होती. मुलीला दहाला घरी येताना पाहून ते एकदा मला म्हणाले, "सूनबाई, मेहनत मातीत होते, पण अंग भरतं झोपेत. हिची नुसती मेहनतच चाललीय." तालमीच्या वेळापत्रकात विश्रांती ही मेहनतीच्या आणि खुराकाच्या बरोबरीने मोजली जाते. त्या मल्लांना सकाळी सातची शाळा नव्हती आणि आपल्या मुलांना आहे, हे खरे. पण म्हणूनच झोपेचा हिशेब आपल्याला अधिक काटेकोरपणे ठेवायला हवा.

सरावापेक्षाही वाईट अवस्था स्पर्धांच्या दिवसांत होते. डिसेंबर-जानेवारीत मंडळांच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. गेल्या मोसमात एका स्पर्धेत आमच्या मुलींचा उपांत्य सामना साडेसातचा म्हणून पत्रिकेत छापला होता. मुली सातलाच पोशाख घालून, अंग मोकळे करून तयार होत्या. पाहुणे पावणेनऊला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे सत्कार, भाषणे. तोवर पुरुष गटाचा सामना आधी घेण्याचा आग्रह झाला, कारण प्रेक्षक त्यासाठी थांबले होते. बारा-तेरा वर्षांच्या मुली मैदानाच्या कडेला चटईवर एकमेकींच्या अंगावर रेलून पेंगत होत्या. एकीने बूट काढून उशाला घेतले होते. सव्वादहाला त्यांना उठवून पळायला उतरवले. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक मात्र बंद झाला होता. आसपासच्या रहिवाशांना रात्री शांतता मिळावी यासाठी कायदा आहे, तसे मैदानावरच्या मुलांसाठी काहीच नाही, हा विचार त्या रात्री माझ्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंतिम सामन्यात खांबाला वळसा घालताना माझ्या मुलीचा घोटा मुरगळला. आदल्या रात्री ती पाच तासही झोपलेली नव्हती. त्यामुळेच पाय मुरगळला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण नंतर तिच्या घोट्याचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी "रात्री किती वाजता झोपते?" असे विचारले, तेव्हा खरे उत्तर देताना मला लाज वाटली.

त्यानंतर आम्ही अकरा मुलींचे पालक प्रशिक्षकांना भेटलो. जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की केली होती की तक्रार करायची नाही, हिशेबाचा कागद पुढे ठेवायचा. सरांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मला साडेसहाला येता येत असतं तर मी नसतो आलो का?" त्यांचे चुकत नव्हते. तासभर बोलणे झाल्यावर त्यांच्याच तोंडून तोड निघाली. मंडळाकडून पूर्वी खेळलेली आणि आता महाविद्यालयात शिकणारी एक ताई साडेसहाला येऊन मुलींचे अंग मोकळे करून घेते, पळण्याचे प्रकार, बसणे-उठणे, खो देणे घोटून घेते. सर पावणेआठला आले की पंचवीस मिनिटे त्यांच्या देखरेखीखाली डाव होतो आणि सव्वाआठपूर्वी लहान मुली मैदान सोडतात. कुमारी आणि महिला गट त्यानंतर उतरतात. त्या ताईला आम्ही पालक मिळून दरमहा मानधन देतो. शिकवणीच्या बाईंनीही आमची बॅच साडेतीन ते पाच अशी केली. मुलगी आता सहाला पोळी-भाजी खाऊन मैदानावर जाते, आल्यावर आंघोळ करून दूध किंवा मऊ भात, मोबाइल स्वयंपाकघरात, आणि सव्वानऊला अंथरूण. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटे ती पडते, त्याहून जास्त नाही.

हिशेब केला तर अजूनही नऊ तास होत नाहीत, साडेआठ होतात. उरलेला अर्धा तास शाळेकडे मागायचा आहे आणि तो कसा मागावा हे मला अद्याप सुचलेले नाही. अकरापैकी दोघींना नवी वेळ जमली नाही, कारण त्यांच्या आया कामावरून आठला घरी येतात आणि मुलींना मैदानावर सोडायला-आणायला दुसरे कोणी नाही. त्या दोघी आता मोठ्या गटाबरोबर उशिराच सराव करतात आणि त्याचे मला वाईट वाटते. जिल्हा स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीतच हरलो, तेव्हा झोपेने पदके मिळतात असेही मी लिहीत नाही. पण सकाळी व्हॅनकाका पूर्वी तिला "उठ, शाळा आली" म्हणून हलवत, ते आता बंद झाले आहे, आणि शुक्रवारच्या सरावात ती सोमवारइतकी पळते, असे खुद्द सरांनी सांगितले.

यावर काही पालक म्हणतात की, मोठे खेळाडू असेच घडतात, थोडे सोसायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले, दोन्ही संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे महाराष्ट्राचे होते, आणि त्यानंतर आमच्या मैदानावर नव्या मुलींची रीघ लागली, याचा मला अतिशय आनंद आहे. प्रत्येक घरात आता एक स्वप्न आहे. शिवाय दहावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांचाही विचार असतो. परंतु सोसायचे ते मैदानावर सोसावे. आठवी-नववीत गेल्यावर कितीतरी मुली खेळ सोडतात आणि आपण अभ्यासाला दोष देतो. माझ्या पाहण्यातल्या तीन मुलींनी खेळ सोडला तेव्हा त्या 'झेपत नाही' एवढेच म्हणाल्या होत्या. काय झेपत नव्हते, हे त्यांना तेव्हा कोणी विचारले नाही.

मंडळे, संघटना आणि पालिकांना माझी विनंती मोजकी आहे. चौदा वर्षांखालील मुलांचा सराव शाळेच्या आदल्या रात्री आठ-सव्वाआठच्या पुढे जाऊ नये. पालिकेची मैदाने, सभागृहे आणि कोर्ट संस्थांना चालवायला देताना संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ मुलांसाठी राखण्याची अट करारात घालावी. मोठ्यांना आठनंतर खेळता येते, मुलांना येत नाही. जिल्हा संघटनांनी स्पर्धेला मान्यता देताना किशोर-किशोरी गटाचे सामने रात्री साडेआठपर्यंत संपवण्याचे बंधन घालावे आणि सत्कार-समारंभ हवे तर त्यानंतर ठेवावेत. संध्याकाळी लवकर येऊ शकतील अशा माजी खेळाडूंना थोडे मानधन देण्याची तरतूद क्रीडा विभागाने केली, तर नोकरी सांभाळून शिकवणाऱ्या प्रशिक्षकांवरचा भारही हलका होईल. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवे मैदान बांधावे लागत नाही.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. क्रीडा पानावर 'रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या सामन्यात' अशी सुरुवात असलेली बातमी मोसमात अनेकदा वाचायला मिळते. ती बातमी किशोर किंवा किशोरी गटाची असेल, तर गुणांबरोबर सामना सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळही छापावी.

आपली विश्वासू,
एक पालक, ठाणे